चरबी, मेण आणि विश्वास : १८५७ च्या काडतुसांचा प्रश्न

१८५७ च्या उठावाचे तात्कालिक कारण विचारले, की ‘गाय व डुकराची चरबी लावलेली काडतुसे’ असे उत्तर तुम्ही एका ओळीत लिहिता. पण बंदुकीला चरबी मुळात लागतच का होती? आधी हे समजून घेऊ.

त्या काळची दारू म्हणजे सोरा, कोळसा व गंधक यांचे मिश्रण. ती जळाल्यावर निम्म्याहून अधिक भाग घनरूपात मागे उरतो. ही काजळी नळीत साचते, हवेतील ओल शोषते आणि लोखंडाला गंज चढवते. तिच्यातील क्षार पाण्यात विरघळतात, म्हणून सफाई घरगुती साधनांनीच होई. नळीत गरम पाणी ओतायचे, चिंधीने ती पुसायची आणि तेलाचा हात द्यायचा. गरम पाण्याने तापलेली नळी लवकर सुके.

लढाईत मात्र दर बारानंतर नळी धुता येत नाही. जुन्या मस्केटची नळी गुळगुळीत होती व गोळी सैल बसे. १८५३ च्या एन्फिल्ड रायफलच्या नळीत आटे होते आणि गोळी तोंडाकडूनच ठासावी लागे. काजळी साचली की ती अडे. म्हणून काडतुसाला गोळीच्या बाजूने वंगण लावत. वंगणामुळे काजळी मऊ राही.

जानेवारी १८५७ मध्ये दमदम येथे या वंगणाविषयी संशय पसरला. महिनाअखेरीस सरकारने शिपायांना स्वतः तेल व मेण आणून लावण्याची मुभा दिली. तांत्रिकदृष्ट्या प्रश्न सुटला होता. तरीही फेब्रुवारीत बराकपूरच्या चौकशीत शिपायांनी काडतुसाच्या चकाकणाऱ्या कागदावरच शंका घेतली. पुढे कागद दाताऐवजी हाताने फाडण्याची कवायत आली. २४ एप्रिलला मेरठमध्ये ९० पैकी ८५ स्वारांनी काडतुसे नाकारली. ती तर जुन्याच पद्धतीची होती. १० मे रोजी तेथे उठाव झाला.

असे का घडले? १८५६ मध्ये अवध खालसा झाले होते. त्याच वर्षीच्या कायद्याने नव्या शिपायांवर समुद्रापार जाण्याची अट आली होती. मेण आणि तेल चरबीची जागा घेऊ शकले, पण गमावलेल्या विश्वासाची जागा घेऊ शकले नाहीत. उत्तर लिहिताना काडतूस ही ठिणगी होती, हे सांगा. आणि कोठार आधीच का भरले होते, हेही सांगा.