तुमचा जिना नियमात बसतो का? टेप, मोबाइल आणि थोडं गणित वापरून तपासा

लातूरला नीटच्या तयारीसाठी आलेला विद्यार्थी दिवसातून किती वेळा जिना चढतो-उतरतो, मोजून बघा. होस्टेलचा दुसरा मजला, क्लासचा तिसरा मजला, मेसचा पहिला. नांदेडलाही तेच. शिवाय हातात मोबाइल असतो आणि नजर पायरीवर नसतेच. अशा वेळी पाय फक्त अंदाजाने पडतो, आणि तो अंदाज बरोबर ठरवायचं काम जिन्याचं असतं.

२४ मे २०१९ ला सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये आग लागली आणि वरच्या मजल्यावरच्या क्लासमधले २२ विद्यार्थी गेले. वर जाणारा लाकडी जिना आगीत सापडला आणि मुलांना उतरायला वाट उरली नाही. त्यामुळे जिना हा घरातला 'उरलेल्या जागेत बसवायचा' भाग नाही. पण आपल्याकडे छोट्या घराचा प्लॅन पाहिला तर नेमकं तेच दिसतं. आधी हॉल, बेडरूम, किचन, पार्किंग. मग कोपऱ्यात जे सहा-सात फूट उरतात त्यात जिना कोंबतात.

आधी शब्द समजून घेऊ

पायरीची उभी बाजू म्हणजे रायझर. पाय ठेवायची आडवी बाजू म्हणजे ट्रेड. सलग पायऱ्यांचा एक टप्पा म्हणजे फ्लाइट, आणि दोन टप्प्यांच्या मधली सपाट जागा म्हणजे लँडिंग. खालचा तिरका स्लॅब, ज्यावर सगळ्या पायऱ्या बसतात, त्याला साइटवर वेस्ट स्लॅब म्हणतात. एवढं कळलं की मिस्त्रीशी बोलता येतं.

नियम काय म्हणतो

डिसेंबर २०२० पासून राज्यातल्या बहुतेक शहरांना एकच नियमावली लागू आहे: एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. लातूर महापालिका आणि नांदेड-वाघाळा महापालिका दोन्ही तिच्यात येतात. देशपातळीवर राष्ट्रीय बांधकाम संहिता आहे. पायरीच्या बाबतीत दोन्हींचा गाभा असा: राहत्या इमारतीत रायझर जास्तीत जास्त १९ सेंमी आणि ट्रेड कमीत कमी २५ सेंमी. इतर इमारतींत, म्हणजे शाळा, ऑफिस, दवाखाना वगैरे, रायझर जास्तीत जास्त १५ आणि ट्रेड कमीत कमी ३०.

संहितेतले अजून काही आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. जिन्याखालून जाताना डोक्यावर २.२ मीटर मोकळी जागा हवी. कठड्यावरचा हाताचा दांडा पायरीच्या मध्यापासून १ मीटर उंच हवा. फ्लॅटच्या इमारतीत जिना किमान १ मीटर रुंद, शैक्षणिक इमारतीत दीड मीटर. लँडिंग जिन्याच्या रुंदीपेक्षा अरुंद चालत नाही.

यातला १९ आणि २५ हा आकडा लोक चुकीचा वाचतात. ती मर्यादा आहे, शिफारस नाही. बरोबर १९ बाय २५ चा जिना नियमात बसतो, पण गुडघे दुखणाऱ्या आजीला विचारा तो कसा आहे ते.

चांगली पायरी कशी ठरवायची

सतराव्या शतकात फ्रान्समध्ये फ्रांस्वा ब्लाँडेल नावाच्या वास्तुकाराने एक साधं सूत्र दिलं. सपाट जमिनीवर आपलं पाऊल ठरावीक अंतरावर पडतं. वर चढताना कष्ट जास्त, म्हणून उंची दुप्पट धरायची. आज ते सूत्र असं वापरतात:

२ × रायझर + ट्रेड = ६० ते ६५ सेंमी

आता खरं गणित करू. समजा तळमजल्याच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत साडेदहा फूट, म्हणजे ३२० सेंमी आहे. स्लॅबच्या खालच्या बाजूपर्यंत मोजू नका. फरशी ते फरशी मोजा.

३२० ला १९ ने भागलं तर १६.८४ येतं, म्हणजे किमान १७ रायझर लागतील. आपण जरा सोपा जिना घेऊ: १८ रायझर. ३२० भागिले १८ म्हणजे १७.८ सेंमी. ट्रेड २७ धरला तर ३५.६ अधिक २७ म्हणजे ६२.६. मस्त बसलं.

पण जागा किती लागेल? दोन टप्प्यांत केला तर प्रत्येक टप्प्यात ९ रायझर. ट्रेड मात्र ८ च, कारण शेवटचा रायझर चढलात की तुम्ही लँडिंगवर असता. कोडिंग शिकलेल्यांना हे लगेच कळेल, हा आपला ओळखीचा 'एकाने चुकलं' वाला बग. कुंपणाला दहा खांब असले तर मधे नऊच गाळे असतात, तसं. ८ गुणिले २७ म्हणजे २१६ सेंमी, त्यात १ मीटरचं लँडिंग मिळवलं की ३१६. जिना ९० सेंमी रुंद आणि मधे १० सेंमी फट धरली तर आडवी जागा १९० सेंमी. म्हणजे जिन्यासाठी साधारण साडेदहा फूट बाय सव्वासहा फूट जागा प्लॅनमध्ये सुरुवातीलाच राखून ठेवायची. शिवाय पहिल्या पायरीसमोर उभं राहायला जागा वेगळी.

ही जागा दिली नाही तर काय होतं तेही बघा. तोच ३२० सेंमीचा चढ १४ रायझरमध्ये उरकला की एकेक पायरी जवळपास २३ सेंमी, म्हणजे नऊ इंच होते. ट्रेड आठ इंच उरतो. पूर्ण पाऊल बसत नाही, उतरताना टाच मागे घासते आणि माणूस आपोआप आडवा होऊन उतरायला लागतो. असा जिना कोणाच्या ना कोणाच्या घरी तुम्ही नक्की पाहिला असेल.

वास्तूचं म्हणाल तर, पायऱ्या विषमच हव्यात असा घरच्यांचा आग्रह असेल तर भांडू नका. फक्त १८ च्या १७ करू नका, १९ करा. रायझर १६.८ येतो आणि सगळ्यांचंच भलं होतं.

सगळ्यात धोकादायक गोष्ट: एकच पायरी वेगळी असणं

पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत आपला पाय उंची शिकतो आणि पुढे तेवढाच उचलतो. पायरीच्या कडेवरून तो अगदी थोड्या अंतराने जातो. म्हणून उंच पण एकसारखा जिना एक वेळ परवडला, पण मधेच सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असलेली एक पायरी नाही. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोमधल्या ३६व्या स्ट्रीट स्टेशनच्या जिन्याचा एक व्हिडिओ व्हायरल झाला होता. त्यात एकामागून एक लोक त्याच पायरीवर अडखळतात. ती पायरी बाकीच्यांपेक्षा किंचित उंच होती, बस्स. नंतर तो जिना दुरुस्त केला गेला.

आपल्याकडे ही वेगळी पायरी बहुतेक वेळा पहिली किंवा शेवटची असते, आणि कारण फरशी. आरसीसीचा जिना ओतताना सेंट्रिंगवाला सगळ्या पायऱ्या सारख्या ठेवतो. नंतर खाली कोबा आणि फरशी मिळून ८ सेंमी चढते, पायऱ्यांवर मात्र ग्रॅनाइट आणि मसाला मिळून ४ च सेंमी. झालं, पहिली पायरी ४ सेंमीने बुटकी. उपाय सोपा आहे, पण वेळेवर करायचा: जिना ओतण्याआधी ठरवा की खाली किती जाडीची फरशी येणार, वर किती आणि पायरीवर किती. मग खुणा फरशीच्या तयार पातळीवरून मारायच्या, कच्च्या काँक्रीटवरून नाही. गवंड्याला हे तोंडी सांगून भागत नाही. भिंतीवर रंगाने रेघ मारून घ्या.

ग्रॅनाइट लावणार असाल तर पॉलिश केलेलं लावू नका. कडेला खाचा पाडून घ्या किंवा खरखरीत शहाबादी वापरा. पावसाळ्यात गच्चीवरून ओल्या पायांनी उतरणारा माणूस डोळ्यांसमोर ठेवा.

मोबाइलने काय मोजता येतं

उंची मोजायला टेपच वापरा. कॅमेऱ्याने लांबी मोजणारी ॲप हॉलची लांबी-रुंदी अंदाजे सांगतात, पण इथे आपल्याला सेंटिमीटरच्या आतला फरक पकडायचा आहे. ते काम त्यांचं नाही.

कोन मात्र मोबाइल छान मोजतो. आत ॲक्सेलरोमीटर नावाची चिप असते. तिच्यात केसापेक्षा बारीक स्प्रिंगांवर टांगलेला सिलिकॉनचा एक कण असतो. गुरुत्वाकर्षण त्याला ज्या दिशेने ओढतं त्यावरून फोनला 'खाली' कुठे ते कळतं, आणि तिथून कोन. आयफोनच्या मेजर ॲपमध्ये लेव्हल असतेच. अँड्रॉइडवर स्पिरिट लेव्हलची फुकट ॲप भरपूर आहेत. लोकेशन आणि कॉन्टॅक्टची परवानगी मागणारं असेल तर दुसरं घ्या, कोन मोजायला तुमचे कॉन्टॅक्ट लागत नाहीत.

एक सरळ पट्टी किंवा ॲल्युमिनियमचा पाइप तीन-चार पायऱ्यांच्या कडांवर टेकवा आणि त्यावर फोनची लांब कड ठेवा. पाठीवर ठेवू नका, कॅमेऱ्याचा उंचवटा कोन बिघडवतो. कव्हर काढा. एकदा वाचन घ्या, मग फोन उलट तोंडाने फिरवून पुन्हा घ्या आणि दोन्हींची सरासरी काढा.

१९ बाय २५ चा कोन ३७ अंशांच्या जरा वर येतो. म्हणजे घरात ३८ च्या पुढे वाचन आलं तर जिना नियमाबाहेर. आपल्या वरच्या उदाहरणातला जिना ३३ अंशांचा. क्लासच्या इमारतीला १५ बाय ३० लावलं तर साडेसव्वीस अंश. नऊ इंची पायऱ्यांचा तो जिना ४८ च्या पुढे जातो, म्हणजे जवळजवळ शिडीच. पट्टी टेकवताना मधल्या एखाद्या पायरीची कड तिला लागत नसेल किंवा तिला वर उचलत असेल, तर ती 'वेगळी' पायरी सापडली.

भूकंप आणि जिना

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा जवळपास १० हजार माणसं गेली. जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद, बहुतेक घरं तशीच होती. त्या वेळच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता. २००२ च्या सुधारित नकाशात तो झोन तीनमध्ये आला. आता घरं आरसीसीची आहेत, पण आरसीसीत जिन्याची एक वेगळीच भानगड असते.

इमारत हलते तेव्हा कॉलम थोडे झुकतात. जिन्याचा तिरका स्लॅब मात्र दोन मजल्यांमध्ये टेकू लावल्यासारखा ताठ असतो, म्हणून तो जास्तीचा भार स्वतःकडे ओढून घेतो. लँडिंगचा बीम कॉलमला मधेच जोडलेला असेल तर त्या कॉलमचे दोन आखूड तुकडे होतात आणि ते आधी तडकतात. म्हणून डिझाइन करताना जिना हिशोबात धरावा लागतो, किंवा एका टोकाला सरकता ठेवावा लागतो. आयएस ४३२६ मध्ये यावर स्वतंत्र सूचना आहेत. हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचं. लहान प्लॉटवर परवानगीची प्रक्रिया सोपी झाली म्हणून इंजिनिअर वगळायचा, असं अजिबात नाही.

साइटवर एक गोष्ट तुम्ही स्वतः बघू शकता. चढ संपून वरचं लँडिंग सुरू होतं तिथे स्लॅबच्या खालच्या बाजूला आतला कोपरा होतो. खालची सळई तिथे नुसती वाकवून नेली तर ताण येताच ती सरळ व्हायला बघते आणि खालचं काँक्रीट फोडते. म्हणून तिथे दोन वेगळ्या सळया एकमेकींना ओलांडून पलीकडे नेलेल्या हव्यात. ओतण्याआधी फोटो काढून इंजिनिअरला पाठवा.

लोखंडी गोल जिना

गच्चीवर जायला गल्लीत बसवलेला लोखंडी गोल जिना स्वस्त पडतो, जागाही कमी खातो. संहिता त्याला कमी माणसांच्या वापरापुरतीच आणि ९ मीटरपर्यंतच्या इमारतीतच परवानगी देते, व्यासही किमान दीड मीटर मागते. टाकी बघायला, पापड-कुरडया वाळवायला ठीक. पण वर खोल्या बांधून मुलं भाड्याने ठेवायची आणि उतरायला हाच एक जिना, हे नको.

आधीच चुकीचा बांधलेला असेल तर

जिना तोडून नवा करणं प्रत्येकाला जमत नाही. तरी बरंच करता येतं. दोन्ही बाजूंना पकडायला दांडा लावा. प्रत्येक पायरीच्या कडेला उठावदार रंगाची पट्टी मारा, वेगळ्या उंचीच्या पायरीला वेगळ्याच रंगाची. खाली आणि वर दोन्हीकडून चालू-बंद होणारं टू-वे बटण बसवा. इलेक्ट्रिशियनचं फार मोठं काम नाही ते. कठड्याच्या गजांमधून १० सेंमीचा चेंडू जात असेल तर लहान मूलही अडकू शकतं, तिथे जाळी लावा.

होस्टेल किंवा क्लासमध्ये राहत असाल तर आजच दोन गोष्टी बघून ठेवा: खाली उतरायला दुसरी वाट आहे का, आणि गच्चीच्या दाराला कुलूप असतं का. जिन्याखाली मीटरच्या पेटीशेजारी गाद्या, खोके, बुटांचं रॅक किंवा गाड्या लावलेल्या असतील तर फोटो काढून मालकाला दाखवा. ऐकलं नाही तर महापालिकेच्या अग्निशमन विभागाकडे लेखी तक्रार देता येते. अर्जावर चार-पाच जणांच्या सह्या घ्या आणि पोच मागायला विसरू नका.