लोणावळ्याच्या बोटुकल्या आणि कावेरीचं कोडं

लोणावळा म्हटलं की आपल्याला भुशी डॅम, चिक्की आणि एक्सप्रेसवेवरचं ट्रॅफिक आठवतं. पण तिथे वळवणला टाटांचं मत्स्यबीज केंद्र आहे, हे किती जणांना माहीत असतं? मलाही नव्हतं. त्याची गोष्ट वाचली आणि वीकएंड त्यातच गेला.

गोष्ट खुद्री महसीरची. 1839 साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या या माशाचं वर्णन केलं. पुढे धरणं झाली, सुरुंग लावून मासेमारी सुरू झाली आणि महसीर झपाट्याने कमी झाले. 1970च्या दशकात वळवणच्या मंडळींनी त्याची कृत्रिम पैदास जमवली. मादीच्या पोटावर हलका दाब देऊन अंडी काढायची, त्यात नराचं बीज मिसळायचं, पिल्लं बोटभर झाली की नद्यांत सोडायची. या बोटुकल्या देशभर गेल्या. कावेरीतसुद्धा!

आता गंमत बघा. कावेरीत स्वतःचा महसीर होताच. पाठीला कुबड, वजन 45 किलोच्याही वर. लोक त्याला ‘मुसुल्ला’ म्हणत, पण ते नाव साइक्सने आपल्याकडच्या भलत्याच माशाला दिलेलं! 1998 ते 2012 या काळातल्या, गळ टाकणाऱ्यांच्या नोंदी तपासल्या तर खुद्री वाढत गेलेला आणि कुबडवाला जवळजवळ संपत आलेला. पण वाचवायचं कोणाला? पक्कं शास्त्रीय नाव नाही, म्हणून आययूसीएनच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत एंट्रीच नाही.

नुसत्या रूपावर जावं तर महसीर फसवतो. वयाप्रमाणे, नदीप्रमाणे त्याचे ओठ, अंगाची ठेवण बदलते. इथे डीएनए कामाला आला. मायटोकॉन्ड्रियातला डीएनए आईकडून येतो. दोन माशांमधल्या त्याच जीनची अक्षरं शेजारी मांडायची आणि आपण दोन फाइल्सचा काढतो तसा ‘डिफ’ काढायचा. एकाच जातीत फरक थोडे असतात. जाती वेगळ्या होऊन जितका काळ लोटला, तितके फरक साठतात. त्यावरून वंशवृक्ष काढता येतो.

2018 साली एड्रियन पिंडर, राजीव राघवन, तेव्हा पुण्याच्या आयसरमध्ये असलेले नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी डीएनए आणि शरीररचना दोन्ही ताडून पाहिली. कुबडवाला निघाला टॉर रेमादेवी. केरळच्या पांबार नदीतून त्याची नोंद आधीच झाली होती, आणि पांबारचं पाणी शेवटी कावेरीलाच मिळतं! नाव मिळाल्यावर आययूसीएनने त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवलं.

वळवणच्या लोकांना दोष देणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. कावेरीत धरणं होती, वाळूउपसा होता, सुरुंगही होते. शिवाय तेव्हा असा डिफ काढायची सोयच नव्हती. खुद्री जगला तो त्यांच्यामुळेच. पण ‘महसीर म्हणजे महसीर’ असं समजून एका नदीचा मासा दुसरीत सोडला, तर भल्या हेतूनेसुद्धा नुकसान होऊ शकतं. आज ती सोय आहे. आता तपासल्याशिवाय बोटुकली सोडली, तर मात्र सबब चालणार नाही.