पायथॉन ३.९ची प्रमाण लायब्ररी

पायथॉन ३.९ ही पायथॉन या संगणकीय भाषेची ५ ऑक्टोबर २०२० रोजी प्रकाशित झालेली आवृत्ती आहे. भाषेसोबत मिळणाऱ्या तयार मॉड्यूलांच्या संचास प्रमाण लायब्ररी म्हणतात. या आवृत्तीत तिच्यात ‘झोनइन्फो’ व ‘ग्राफलिब’ या दोन मॉड्यूलांची भर पडली.

झोनइन्फो

पूर्वी प्रमाण लायब्ररीत यूटीसीपासून ठरावीक अंतरावरील कालविभागांचीच तयार सोय होती. वर्षभर यूटीसी+५:३० पाळणाऱ्या भारतासाठी ती पुरेशी होती. न्यू यॉर्कमध्ये मात्र उन्हाळ्यात घड्याळे तासभर पुढे केली जातात. त्यामुळे मुंबईशी असलेला फरक तारखेनुसार साडेनऊ किंवा साडेदहा तासांचा असतो. ठरावीक फरक धरल्यास वेळ तासाभराने चुकते. झोनइन्फो योग्य फरक आयएएनएच्या कालविभाग माहितीसाठ्यावरून ठरवते. विंडोजवर हा साठा उपलब्ध नसल्याने ‘टीझेडडेटा’ हे पॅकेज स्वतंत्रपणे घ्यावे लागते.

इतर बदल

ग्राफलिब परस्परांवर अवलंबून असलेल्या कामांचा क्रम लावते; ती चक्राकार अडकली असल्यास त्रुटी दर्शवते. ‘मॅथ’ मॉड्यूलमध्ये लसावि काढण्याची सोय आली, तसेच दोनहून अधिक संख्यांचा मसावि एकाच वेळी काढता येऊ लागला.