आखातात चालणारा आपला रुपया

हैदराबादेत तीन-चार पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत ‘हाली’ आणि ‘कलदार’ हे शब्द अजूनही कधीतरी कानावर पडतात. हाली म्हणजे निजामाचा रुपया आणि कलदार म्हणजे ब्रिटिश सरकारचा. साधारण सात हालींना सहा कलदार असा भाव असे. घरातली वडीलधारी मंडळी सांगत, की गावातला व्यवहार हालीत होई. पण मुंबईहून माल मागवायचा तर कलदारच लागे. समोरच्याला कोणता पैसा चालतो, हे पाहूनच व्यापार करावा लागे. देशादेशांतल्या व्यापाराचेही तसेच आहे.

हाच कलदार एकेकाळी समुद्रापलीकडेही चालत होता. कुवेत, बहारीन, कतार, दुबई, मस्कत या बंदरांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भारतीय रुपया हाच रोजच्या व्यवहारातला पैसा होता. तिथल्या टपाल तिकिटांवरची किंमतही आण्यांत छापलेली असे. ब्रिटिशांचा त्या भागावरचा वचक हे याचे एक कारण. पण खरे कारण बाजारात होते. आखातातले मोती मुंबईला विकायला येत आणि त्यांच्या बदल्यात मिळालेल्या रुपयांतून तांदूळ, कापड, चहा, मसाले आणि जहाजबांधणीचे लाकूड तिकडे जाई. हाती आलेला रुपया कुठे खर्च करायचा हे तिथल्या व्यापाऱ्याला ठाऊक होते, म्हणून तो निःशंकपणे रुपया घेई.

स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने सोन्याच्या आयातीवर कडक निर्बंध घातले. साहजिकच इथला सोन्याचा भाव जगातल्या भावापेक्षा बराच चढा राहिला. दुबईत सोने आणण्यास बंदी नव्हती. तिथून ते गलबतांतून चोरून भारताच्या किनाऱ्यावर उतरे आणि मोबदल्यात रुपयाच्या नोटा परत जात. त्या नोटा आखातातल्या बँकांमार्फत रिझर्व्ह बँकेकडे येत आणि त्यांच्या बदल्यात आपल्याला पौंड मोजावे लागत. चोरट्या सोन्याची किंमत आपल्याच परकीय गंगाजळीतून जात होती.

यावर उपाय म्हणून 1959 मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा काढण्यात आल्या. त्यांचा रंग निराळा होता आणि क्रमांकाआधी ‘झेड’ हे अक्षर असे. त्या भारतात चालत नसत. मूल्य मात्र आपल्या रुपयाइतकेच होते. उपाय योग्य होता. पण आता तो रुपया मुंबईच्या बाजारात थेट खर्च करता येईना. 1961 मध्ये कुवेतने आणि 1965 मध्ये बहारीनने स्वतःचा दिनार काढला.

मग 6 जून 1966 हा दिवस उजाडला. दोन युद्धे, दुष्काळ आणि आटलेली परदेशी मदत यांमुळे सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले. 4 रुपये 76 पैशांचा डॉलर एका रात्रीत साडेसात रुपयांचा झाला. आखाती रुपयाही त्याबरोबर घसरला. दिल्लीचा निर्णय आणि झळ दुबईच्या दुकानदाराला! त्याच वर्षी कतार आणि दुबईने रुपया सोडून स्वतःचा रियाल काढला. ओमाननेही 1970 मध्ये रुपयाला निरोप दिला.

आम्हाला यात कोणा एकाची चूक दिसत नाही. तेलाचा पैसा हाती आल्यावर त्या राज्यांनी कधीतरी स्वतःचे नाणे काढलेच असते. पण परक्या देशात आपला पैसा टिकतो कशावर, हे यातून नीट कळते. तो घेणाऱ्याला त्यातून हवी ती वस्तू मिळाली पाहिजे आणि उद्याही त्याची किंमत राहील असा भरवसा हवा. 1971 मध्ये अमेरिकेने डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले, तरीही जगाने डॉलर सोडला नाही. कारण डॉलर घेऊन कुणाकडूनही काहीही विकत घेता येते.

जुलै 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने परदेशी व्यापार रुपयांत करण्याची वाट मोकळी केली. रशियाकडून आपण तेल खूप घेतले, पण त्या मानाने त्यांना विकले थोडे. त्यामुळे इथे साठलेल्या रुपयांचे करायचे काय, हा प्रश्न रशियापुढे उभा राहिला. जुलै 2023 मध्ये संयुक्त अरब अमिरातीशीही रुपया आणि दिऱ्हम यांत व्यवहार करण्याचा करार झाला. रुपया पुन्हा त्याच किनाऱ्याकडे निघाला आहे.

आज आपल्या शहरातली कितीतरी मुले दुबई-मस्कतला नोकरीला आहेत. तिथून आलेले पैसे आपण इथे रुपयांत बदलून घेतो. साठ-सत्तर वर्षांपूर्वी ही अदलाबदल करावीच लागत नव्हती, हे त्यांना जरूर सांगावे. आणि हेही सांगावे, की करारामुळे वाट मोकळी होते. पण रुपया तिथे पुन्हा रुजायचा तर त्यांना हवा असलेला माल आपल्या बाजारात असला पाहिजे. मोत्यांच्या काळी तो होता.