निष्काळजीपणामुळे झालेला मृत्यू : कुटुंबाचे कायदेशीर हक्क

निष्काळजीपणामुळे झालेला मृत्यू : वाहनचालक, मालक, डॉक्टर, रेल्वे, वीज कंपनी किंवा शासन यांपैकी कोणाच्या हयगयीमुळे माणूस दगावला, तर त्याच्या कुटुंबाला भारतीय कायद्याने मिळणारे हक्क आणि ते मिळवण्याचे मार्ग. बोलण्यात अशा मृत्यूला ‘अपघाती मृत्यू’ म्हणतात. कायदा मात्र त्यापुढे जाऊन दोन गोष्टी विचारतो : चूक कोणाची होती, आणि गेलेल्या माणसाच्या आधारावर कोण जगत होते?

अशा मृत्यूनंतर तीन स्वतंत्र प्रक्रिया सुरू होतात. फौजदारी प्रक्रिया दोषीला शिक्षा देण्यासाठी असते आणि ती शासन चालवते. भरपाईची प्रक्रिया कुटुंबाला स्वतः सुरू करावी लागते. तिसरी वारसाहक्काची, तिच्यात मृताची मालमत्ता, बँकेतील ठेवी आणि विमा यांचा निकाल लागतो. तिन्हींची कार्यालये, पुरावे आणि मुदती वेगळ्या आहेत. ‘पोलिसांत केस झाली आहे, म्हणजे भरपाई आपोआप मिळेल’ या समजुतीने अनेक कुटुंबांचा हक्क हातचा जातो.

पूर्वपीठिका

माणूस मेला की त्याचा दावाही त्याच्याबरोबर मरतो, असे जुन्या इंग्रजी कायद्याचे तत्त्व होते. जखमी माणूस भरपाई मागू शकत असे, मृताचे कुटुंब मागू शकत नसे. इंग्लंडमध्ये १८४६ च्या कायद्याने हा अन्याय दूर केला. भारतात त्याच धर्तीवर १८५५ चा प्राणघातक अपघात अधिनियम झाला. तो आजही लागू आहे. पती, पत्नी, आईवडील आणि मुले यांच्यासाठी त्याखाली दिवाणी न्यायालयात दावा करता येतो. ‘आईवडील’ या शब्दात आजीआजोबांचा आणि ‘मुले’ या शब्दात नातवंडांचा व सावत्र मुलांचा समावेश होतो. मुदत मृत्यूपासून दोन वर्षांची आहे. पुढे कामगार, मोटार वाहने, रेल्वे आणि ग्राहक यांच्यासाठी स्वतंत्र कायदे झाले. आज बहुतेक दावे त्यांच्याखालीच चालतात.

पहिल्या दिवसांतील कागदपत्रे

अनैसर्गिक मृत्यूची खबर मिळाली की पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १९४ खाली मरणोत्तर पंचनामा करतात. त्यानंतर शवविच्छेदन होते. दुसऱ्याची चूक दिसली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली गुन्हा दाखल होतो. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल पाच वर्षांपर्यंत आणि वैद्यकीय उपचार करताना डॉक्टरकडून तो घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या घटनांना भारतीय दंड संहितेचे कलम ३०४-अ लागू होते.

दुःखाच्या घाईत या कागदांकडे पाहण्याचे भान कुटुंबाला क्वचितच असते, आणि पुढचा सगळा दावा तर त्यांच्यावरच उभा राहतो. प्रथम खबर, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला, वाहनाचा विमा व चालकाचा परवाना यांच्या प्रती जमवणे हे घरातल्या एखाद्या सावध माणसाने अंगावर घ्यावे असे काम आहे. जखमी काही दिवस रुग्णालयात राहून दगावला असेल, तर इजा आणि मृत्यू यांचा संबंध दाखवणारे उपचाराचे कागद तितकेच मोलाचे ठरतात. शवविच्छेदन नको, असा आग्रह नातेवाईक कधी कधी धरतात. त्यातून मृत्यूच्या कारणाचा मुख्य पुरावा कायमचा हरवतो.

फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. भरपाईच्या दाव्यात संभाव्यतेचे पारडे कोणीकडे झुकते, एवढेच पाहतात. म्हणून चालक निर्दोष सुटला तरी भरपाईचा दावा त्यामुळे बुडत नाही.

दावा कोणाचा?

वारस आणि आश्रित हे शब्द व्यवहारात एकाच अर्थाने वापरले जातात, पण त्यांत फरक आहे. मालमत्ता वारसाकडे जाते. भरपाई मुख्यतः आधार तुटलेल्या माणसासाठी असते. मोटार वाहन अधिनियमात दावा करणाऱ्याला ‘कायदेशीर प्रतिनिधी’ म्हटले आहे आणि न्यायालयांनी या शब्दाची कक्षा रुंद ठेवली आहे. भाऊ दावा करू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ठरवले. जावयाच्या आधाराने राहणारी सासूही दावा करू शकते, असे २०२१ मध्ये सांगितले. विवाहित मुलीला दावा दाखल करता येतो, मात्र तिला किती रक्कम मिळेल हे ती मृतावर किती अवलंबून होती यावर ठरते. पुनर्विवाह केल्यामुळे विधवेचा भरपाईचा हक्क जात नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. सासर आणि माहेर यांच्यात रकमेवरून ताण निर्माण होतो, तेव्हा हे निर्णय तरुण विधवेच्या मोठ्या आधाराचे ठरतात.

भरपाईचे मार्ग

रस्ता : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो. अपघात झाला तेथे, अर्जदार राहतो तेथे किंवा प्रतिवादी राहतो तेथे, यांपैकी सोयीचे ठिकाण कुटुंबाने निवडावे. नागपूरजवळ अपघात झाला म्हणून साताऱ्याच्या विधवेने तारखांसाठी तिकडे जाण्याची गरज नाही. १ एप्रिल २०२२ पासून अर्जाची मुदत अपघातानंतर सहा महिने आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले असून, केवळ उशिराच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तरीही सहा महिन्यांच्या आत अर्ज करणेच शहाणपणाचे. चूक सिद्ध न करता कलम १६४ खाली ५ लाख रुपये मागता येतात.

धडक देऊन पळालेले वाहन सापडले नाही, तर कलम १६१ खालील योजनेतून २ लाख रुपये मिळतात. हा अर्ज न्यायाधिकरणाकडे न करता महसूल अधिकाऱ्यांकडे करायचा असतो. मृत चालकाच्या स्वतःच्या चुकीने अपघात झाला असेल, तर त्याच्या कुटुंबाला कलम १६६ चा आधार मिळत नाही. मात्र वाहन त्याच्याच मालकीचे असेल, तर विम्यातील १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण घेतले होते का, हे पाहावे. चालकाकडे वैध परवाना नव्हता, एवढ्यावरून त्रयस्थाच्या कुटुंबाला रिकाम्या हाती परतावे लागते असे नाही. विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि नंतर वाहनमालकाकडून वसूल करावी, असा आदेश न्यायालये देतात.

रेल्वे : गाडीतून पडून झालेल्या मृत्यूसाठी रेल्वे अधिनियम, १९८९ चे कलम १२४-अ आहे. मुंबईच्या लोकलमधील गर्दीत दाराशी लटकणाऱ्या प्रवाशांच्या घरच्यांना हे कलम माहीत असायला हवे. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे एका वर्षात करायचा असतो. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ८ लाख रुपये ठरलेले आहेत. रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. मृतदेहाजवळ तिकीट सापडले नाही, एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असे ठरत नाही आणि चढता-उतरताना पडणे म्हणजे स्वतःहून करून घेतलेली इजा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवले. आत्महत्या, नशा आणि आजाराने आलेला मृत्यू यांना हे संरक्षण नाही. रूळ ओलांडताना झालेला मृत्यूही या कलमात बसत नाही.

कामाचे ठिकाण : १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने कामावर असताना झालेल्या मृत्यूसाठी मालकाला जबाबदार धरले. मालकाची चूक दाखवावी लागत नाही. या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावल्या आहेत. मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणून भरपाई काढतात. बांधकामावरचा मजूर ठेकेदाराने आणलेला असला, तरी मूळ मालकाला जबाबदारी झटकता येत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्या कामगाराच्या आश्रितांना भरपाईऐवजी त्या योजनेतून नियमित लाभ मिळतो. कामावर असताना मोटार अपघात झाला, तर कामगार कायदा किंवा मोटार वाहन कायदा यांपैकी एकच मार्ग निवडावा लागतो.

रुग्णालय : सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमानुसार मृत ग्राहकाचा वारस दोन वर्षांत तक्रार करू शकतो. उपचार फसले म्हणजे हयगय झाली, असे कायदा मानत नाही. त्या विषयातील सामान्य कुशल डॉक्टरने घेतली असती ती काळजी घेतली गेली नाही, हे तज्ज्ञांच्या मताने दाखवावे लागते. म्हणून केसपेपरची मागणी लगेच आणि लेखी करावी. ज्या रुग्णालयात सर्वांनाच मोफत सेवा मिळते, त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगाऐवजी अन्य न्यायालयात जावे लागते.

वीज आणि शासन : शेतात तुटून पडलेल्या विद्युततारेने मृत्यू झाला, तर वीज पुरवणाऱ्याची जबाबदारी चुकीवर अवलंबून नसते, असे २००२ च्या निर्णयात म्हटले आहे. महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंबांसाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख रुपये मिळतात, ही मदत त्या भरपाईहून वेगळी आहे. पोलीस कोठडीतील मृत्यूची चौकशी दंडाधिकाऱ्यामार्फत होणे कायद्याने आवश्यक आहे. अशा मृत्यूबद्दल राज्याने भरपाई द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या नीलबती बेहेरा निर्णयात घालून दिले.

भरपाईचे गणित

मोटार अपघातातील आकडेमोड सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निर्णयांवर चालते : २००९ चा सरला वर्मा आणि २०१७ चा प्रणय सेठी. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ३४ वर्षांचा गवंडी, मिळकत दरमहा २०,००० रुपये, घरी पत्नी, दोन मुले आणि आई. वार्षिक मिळकत २,४०,००० रुपये. वय चाळिशीच्या आत आणि काम स्वतंत्र, म्हणून पुढील वाढीचे ४० टक्के मिळवून ३,३६,००० रुपये होतात. आश्रित चार असल्याने त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की २,५२,००० रुपये उरतात. ३१ ते ३५ वयासाठी गुणक १६ आहे. म्हणून आधार गमावल्याची भरपाई ४०,३२,००० रुपये होते. याशिवाय सहवास हरपल्याबद्दल ४०,००० आणि अंत्यविधी व मालमत्तेची हानी यांसाठी प्रत्येकी १५,००० रुपये २०१७ मध्ये ठरले. त्यांत दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ होते. सहवासाची भरपाई पत्नीप्रमाणे मुलांना आणि आईवडिलांनाही मिळते.

मिळकत सिद्ध करणे हा या गणितातील कच्चा दुवा आहे. पगारपत्रक नसलेल्या गवंडी, रिक्षाचालक किंवा भाजीविक्रेत्याच्या घरच्यांनी बँकेचे पुस्तक, मुकादमाची वही, कामगार नोंदणी आणि सोबत्यांची साक्ष जपावी. घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या श्रमालाही पैशात मोल आहे, हे न्यायालयाने २००१, २०१० आणि २०२१ च्या निर्णयांत ठामपणे सांगितले. ‘ती काही कमावत नव्हती’ हे वाक्य दाव्याच्या अर्जात कधीही येऊ नये.

आयुर्विम्याची रक्कम या भरपाईतून वजा होत नाही. महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ ज्यात पक्षकार होते, त्या दाव्यात १९९८ मध्ये हे ठरले. निवृत्तिवेतन आणि अनुकंपा नोकरी यांनाही हेच लागू आहे. लोकअदालतीत तडजोड केली, तर पैसे लवकर मिळतात. पण तिच्याविरुद्ध अपील नसते, त्यामुळे सहीपूर्वी वरचे गणित स्वतः मांडून पाहावे. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

वारसा आणि नामनिर्देशन

नॉमिनी म्हणजे सामान्यतः पैसे स्वीकारणारा विश्वस्त, मालक नव्हे. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी असलेले पती, पत्नी, आईवडील किंवा मुले रकमेचे लाभार्थी ठरतात. बँकेतील ठेवी व रोख्यांसाठी नॉमिनी नसेल, तर उत्तराधिकार प्रमाणपत्र मागितले जाते. महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खाली न्यायालयातून वारस दाखलाही काढतात. शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर वारसनोंद वेगळी करावी लागते. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेतून आलेला वारसा कायदा आहे. तेथे सहसा वैवाहिक मालमत्तेचा अर्धा भाग हयात जोडीदाराचाच असतो आणि उरलेल्याची वाटणी इन्व्हेंटरी प्रक्रियेने होते. मोटार अपघाताचा कायदा मात्र गोव्यातही तोच आहे.

विषमता

वरील गवंडी विमा असलेल्या ट्रकखाली गेला, तर त्याच्या घरच्यांना ४० लाखांवर रक्कम मिळू शकते. तो बांधकामावरून पडला, तर जानेवारी २०२० मध्ये ठरलेल्या १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेनुसार सुमारे १५ लाख. लोकलमधून पडला तर ८ लाख. धडक देणारे वाहन पळून गेले तर २ लाख. माणूस तोच, घर तेच, पोरकी झालेली मुलेही तीच. आयुष्याच्या भरपाईचा आकडा मृत्यूच्या जागेवरून ठरावा, हा या कायद्यांतील सर्वांत मोठा अन्याय आहे आणि तो संसदेनेच दूर करायला हवा. तोवर मृत्यू नेमका कसा आणि कोठे झाला, याची अचूक नोंद पहिल्याच पंचनाम्यात होणे, हे त्या मुलांचे पहिले संरक्षण होय. मिळालेल्या रकमेपैकी मुलांचा वाटा न्यायाधिकरण सामान्यतः ते सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदतठेवीत ठेवते. शिक्षणासाठी त्यातील पैसे हवे असल्यास आईला न्यायाधिकरणाकडे तसा अर्ज करता येतो.