एक वाद्य, अनेक गज : मुंबईतल्या व्हायोलिनच्या शैली

व्हायोलिनविषयी आपल्याकडे लिहिले जाते तेव्हा बहुधा एकच कसोटी लावली जाते : हे वाद्य गळ्याच्या किती जवळ गेले? ‘गायकी अंग’ हा शब्द उच्चारला की मूल्यमापन संपते. ही कसोटी खोटी नाही, पण ती एका शैलीची आहे. ती साऱ्यांना लावली तर व्हायोलिनच्या इतिहासाचा मोठा भाग आपोआप ‘साजिंद्यांचा’ ठरून तळटिपेत जातो. म्हणून प्रत्येक शैलीला आधी वेगळा प्रश्न विचारावा असे मला वाटते : हा गज कोणासाठी फिरत होता? नाचणाऱ्यासाठी, प्रार्थनेसाठी, गायकासाठी, की मायक्रोफोनसाठी?

मी ट्रॉम्बेत राहतो आणि हा प्रश्न इथे राहूनच माझ्या मनात आला. १९५४ साली ट्रॉम्बेत अणुऊर्जेचे केंद्र उभे राहू लागले, त्याच्या मागोमाग देशभरातली कुटुंबे या बाजूला आली. शेजारच्या चेंबूरमध्ये तमिळ आणि मल्याळी वस्ती मोठी आहे, तिथल्या फाइन आर्ट्स सोसायटीत कर्नाटक संगीताच्या मैफली होतात. काही मैलांच्या आत चर्चमधले व्हायोलिन खांद्यावर उभे राहून वाजते, कर्नाटक व्हायोलिन मांडी घालून, आणि हिंदुस्थानी मैफलीतलेही बसूनच. लाकूड तेच, तारा चारच. पण कान वेगळे.

यातली सर्वांत जुनी वाट गोव्याची. पोर्तुगीज काळातल्या चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. तेच वाद्य मांडोच्या साथीला घुमटाशेजारी बसले. इथे व्हायोलिन गायकाच्या मागून चालत नाही. गाणाऱ्यांना चाल धरून देते, ताल सोडू देत नाही. त्यात मींड शोधणे म्हणजे लेझमीत ख्याल शोधण्यासारखे आहे.

दुसरी वाट दक्षिणेची. मुत्तुस्वामी दीक्षितांचे बंधू बालुस्वामी (१७८६–१८५८) यांनी हे वाद्य कर्नाटक संगीतात रुजवले असे मानले जाते. वाद्याचे टोक पायाच्या घोट्यावर टेकले, डावा हात वाद्य पेलण्यातून मोकळा झाला आणि गमकासाठी तारेवर सरकू लागला. तारांची पाश्चात्त्य जुळवणी बदलून सा-प-सा-प अशी झाली. बैठक आणि जुळवणी एवढ्या दोन बदलांनी वाद्याचा धर्मच पालटला.

गंमत अशी की जगाच्या दुसऱ्या टोकाला, अमेरिकेच्या ॲपलेशियन डोंगरांतले खेडूत वादकही कित्येक चालींसाठी तारा अशाच, आपल्या भाषेत सा-प-सा-प, लावत. नॉर्थ कॅरोलायनाच्या टॉमी जॅरेल (१९०१–१९८५) यांच्यासारख्या जुन्या घाटाच्या वादकाचा गज नाचणाऱ्यांच्या पावलांना बांधलेला असतो. सगळे मिळून एकच चाल पुन्हा पुन्हा वाजवतात, शेजारची मोकळी तार तानपुऱ्यासारखी गुंजत राहते. १९४०च्या दशकात बिल मन्रो यांनी ब्लूग्रास आकाराला आणले, तेव्हा तेच वाद्य मंचावर आले. आता एकेक वादक आळीपाळीने पुढे येऊन आपली करामत दाखवू लागला. पहिल्या प्रकाराला ‘साधे’ आणि दुसऱ्याला ‘प्रगत’ म्हणणारा श्रोता दोन्हींना मुकतो, कारण एक सोबतीची कला आहे, दुसरी सामन्याची.

हा विवेक घरच्या वादकांना लावून पाहावा. गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) स्वतः गवई. ग्वाल्हेर, जयपूर आणि आग्रा या तिन्ही घराण्यांची तालीम त्यांना मिळाली होती, आणि त्यांच्या गजात लयकारीचा हिशोब ऐकू येतो. साताऱ्यात जन्मलेले व्ही. जी. जोग (१९२२–२००४) बिस्मिल्ला खाँसाहेबांबरोबर जुगलबंदी करत. त्यांचे वादन तंतकारीकडे, तिहायांच्या खेळाकडे झुकते. डी. के. दातार (१९३२–२०१८) लांब, सलग गजाने आलापाची ओळ तुटू देत नाहीत. एन. राजम कर्नाटक घराण्यात वाढल्या आणि ओंकारनाथ ठाकूरांचा गळा त्यांनी तारेवर आणला. ‘गायकी’ या एका शब्दात हे चौघे मावत नाहीत. प्रभाकर जोग यांचा प्रश्न तर आणखी वेगळा. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’त त्यांनी साथ केली, पुढे ‘गाणारे व्हायोलिन’ ही त्यांची ओळख झाली. त्यांना राग मांडायचा नव्हता, शब्द ऐकवायचे होते. श्रोत्याला कडवे आठवावे म्हणून गज अक्षराअक्षराशी थांबतो, वळतो.

खरी परीक्षा मात्र चित्रपटातल्या व्हायोलिनची आहे. तिथे अनेक गज एकाच दिशेने उठतात आणि एकाच क्षणी थांबतात. स्वतःचा आवाज पुसून टाकणे हीच तिथली सिद्धी. संगीतकाराने गुणगुणलेली चाल कागदावर उतरवणे आणि ती पाहता क्षणी वाजवणे हे काम प्रामुख्याने गोव्याच्या त्या चर्चच्या शाळांच्या वारसांनी केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांच्यातले. प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९५८ साली गोन्साल्विस यांनी राग आणि सिंफनी एका मंचावर आणण्याचा प्रयत्न केला. आज बहुतेकांना त्यांचे नाव ठाऊक आहे ते १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे, म्हणजे एका पडद्यावरच्या पात्राचे म्हणून. बाकीच्यांना तेवढेही मिळाले नाही. तबकडीवर गायक, संगीतकार, गीतकार यांची नावे छापली जात. वादकांच्या रांगेची जवळजवळ कधीच नाही.

आपण लावलेल्या कसोटीचा हा परिणाम आहे. जो एकटा वाजवतो तो कलावंत, जो रांगेत वाजवतो तो नोकर, असे आपण न बोलता ठरवून टाकले. शैलींचा रसास्वाद ही केवळ कानाची चैन नाही. कोणाचे नाव इतिहासात लिहायचे याचा निवाडा त्यातूनच होतो. मराठीत व्हायोलिनचा इतिहास पुन्हा लिहिला जाईल, तेव्हा मैफलीच्या आमंत्रणपत्रिकांइतक्याच काळजीने ध्वनिमुद्रणाच्या हजेरीवह्या शोधल्या पाहिजेत. त्यांतली अक्षरे पुसट होत चालली आहेत, आणि त्या रांगेत बसलेले मोजकेच लोक आज सांगायला उरले आहेत.