नर्म : रुक्मिणीच्या माहेरचा शब्द



आपल्या यवतमाळकडच्या गावांत सप्ताह ठरवायला मंडळी बसली, की एक वाद हमखास निघतो. कोणी म्हणतो, "हसवणारे महाराज आणा, मांडव भरतो." एखादा जुना माळकरी म्हणतो, "कीर्तन आहे ते, तमाशा नाही." दोघांचेही म्हणणे मनापासूनचे असते. या वादाचा निवाडा करू शकेल असा एक शब्द आपल्या भाषेत आहे. तो शब्द 'नर्म'. आज तो एकटा फारसा दिसत नाही. 'नर्मविनोद', 'नर्मविनोदी' अशा जोडशब्दांतच भेटतो.

'नर्म' ऐकले की आपल्याला 'नरम' आठवते. नरम म्हणजे मऊ. तो शब्द फारसीतून आलेला आहे. 'नर्म' मात्र संस्कृत आहे. त्याचा अर्थ क्रीडा, थट्टा, आनंद. नर्मदा हे नावही त्यातलेच, नर्म देणारी ती नर्मदा. राजाजवळ थट्टामस्करी करणारा जो सोबती असे, त्याला 'नर्मसचिव' म्हणत. दोन्ही शब्दांची कुळे निराळी, पण मराठी कानाने त्यांची सोयरीक जुळवली. त्यामुळे आपण नर्मविनोद म्हणतो तेव्हा थट्टाही सुचते आणि मऊपणाही. ज्याने हसू येते पण ओरखडा उठत नाही, तो नर्मविनोद.

जुन्या शास्त्रकारांनी या शब्दाचा बारकाईने विचार केला होता. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात 'कैशिकी' नावाची एक सुकुमार वृत्ती सांगितली आहे. तिची चार अंगे, आणि त्यांतले पहिले अंग नर्म. दहाव्या शतकात धनंजयाने 'दशरूपका'त नर्माचे लक्षण केले. त्याचा भाव असा, की प्रिय माणसाला प्रसन्न करण्यासाठी केलेली चतुर क्रीडा म्हणजे नर्म. यात 'प्रिय' आणि 'प्रसन्न' हे दोन शब्द ध्यानात ठेवा, पुढे त्यांचे काम आहे.

आता हे सारे आपल्या गावाजवळ येते. राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त एक कथा आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघून गेला. त्याचा रुसवा काढायला पार्वतीने साहित्यविद्या नावाची वधू निर्माण केली. ती त्याच्यामागून देशोदेशी फिरली, आणि शेवटी विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात त्यांचा विवाह झाला. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम, आपल्या पुसद-दिग्रसच्या शेजारचे. दक्षिणेच्या वाट्याला राजशेखराने तीच कैशिकी वृत्ती आणि वैदर्भी रीती दिली आहे. रुसलेल्याला हसवून घरी आणण्याची विद्या इथल्या मातीत रुजली, असे हजार वर्षांमागच्या त्या पंडिताला वाटले होते.

पण आपण वारकरी. आपल्याला पंडितांपेक्षा रुक्मिणी जवळची. कौंडण्यपूर हे तिचे माहेर. तिथून वाहत येणारी वर्धा नदी पुढे आपल्या जिल्ह्याची पूर्वेची शीव होते. म्हणजे पंढरीनाथ आपला जावई. जावयाची थट्टा करायचा हक्क सासुरवाडीला असतोच. त्याच जावयाने आपल्या लेकीची केलेली एक थट्टा भागवताच्या दशम स्कंधात, साठाव्या अध्यायात आली आहे.

प्रसंग घरातला आहे. देव पलंगावर बसले आहेत आणि रुक्मिणी चवरी ढाळते आहे. देव सहज म्हणतात : एवढे मोठे राजे तुला मागत होते, शिशुपाल होता. ते सोडून तू आम्हांला का वरलेस? आम्ही राजांना भिऊन समुद्रात जाऊन राहिलेले, जवळ काही नसलेले. सोयरीक बरोबरीच्यांत शोभते. अजूनही एखादा योग्य क्षत्रिय पाहा.

देव गंमत करत होते. रुक्मिणीला मात्र ती गंमत कळली नाही. तिचे काळीज हलले. ती पायाच्या नखाने भुई उकरू लागली, डोळ्यांतले पाणी कुंकवात मिसळले, हातातली चवरी गळाली, आणि वाऱ्याने केळ कोसळावी तशी ती खाली पडली.

वाचकहो, इथे थांबा. प्रत्यक्ष भगवंताची थट्टा, तीही प्रिय पत्नीशी केलेली, आणि तीसुद्धा चुकली. मग देवांनी काय केले? 'हिला विनोद कळत नाही' असे म्हणाले नाहीत. ते पलंगावरून खाली उतरले, तिला उचलले, केस सावरले, डोळे पुसले. तुझे बोलणे ऐकावे, रुसलेला चेहरा पाहावा, म्हणून मी थट्टा केली, असे सांगितले. संसारी माणसाचा मोठा लाभ कोणता, तर प्रियजनांबरोबर अशा थट्टेत चार घटका जाव्यात, हेही सांगितले. तिथे भागवताने वापरलेला शब्द हाच, 'नर्म'.

मग रुक्मिणीने उत्तर दिले, आणि ते सासुरवाडीला शोभेल असेच दिले. देवांचा एकेक शब्द उचलून तिने उलटा करून त्यांच्याच गळ्यात घातला. तुमच्याजवळ काही नाही म्हणता, ते खरेच, कारण तुमच्यावेगळे काही नाहीच! थट्टेची स्तुती झाली. पण ती केव्हा? डोळे पुसल्यावर.

याची दुसरी बाजू गीतेच्या अकराव्या अध्यायात आहे. विश्वरूप पाहिल्यावर अर्जुनाला आठवते, की जेवताना, बसताना, खेळताना आपण याची थट्टा केली. तिथे शब्द आहे 'अवहास', हसून खाली पाडणे. माउलींनी शके १२१२ मध्ये त्यावर भाष्य करताना शेतकऱ्याच्या घरचेच दृष्टांत दिले. परिसाचा खडक सापडला आणि आम्ही तो फोडून पायात घातला. कल्पतरू तोडून शेताला कुंपण केले. चिंतामणीची खाण लागली, तर ते मणी ओढाळ गुरांवर फेकले. अर्जुन क्षमा मागतो. पण लगेच मागणे काय करतो? ते प्रचंड रूप आवर आणि पहिले सौम्य रूप दाखव. म्हणजे ज्याच्याशी थट्टा करता येत होती तोच सखा त्याला परत हवा आहे. त्याला अवहासाची लाज वाटली, सलगी मात्र सोडवली नाही.

संतांनी हा भेद जपला. नाथांच्या रोडग्याच्या भारुडात सून भवानीला नवस करते : सासरा जाऊ दे, सासू जाऊ दे, नवराही जाऊ दे, मला एकटी राहू दे, मग तुला रोडगा वाहीन. आपल्याकडे गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजून नवस फेडतात, म्हणून हे भारूड आपल्या बायांना चटकन हसवते. हसता हसता कळते, की घालवायचे ते मनातले विकार, माणसे नव्हेत. आपल्या वऱ्हाडातल्या गाडगेबाबांनीही कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून विचारून हसवले. कर्ज काढून केलेला सण, दारू, देवापुढे कापलेले बकरे, यांच्यावर ते कोरडे ओढत. हसे व्हायचे ते त्या खुळ्या चालीचे. कर्जात बुडालेल्या माणसाबद्दल त्यांच्या पोटात कळवळाच असे.

आता मांडवाकडे परत येऊ. आपल्या जिल्ह्यातल्या मांडवात समोर कोण बसलेले असते, हे आपण जाणतो. कपाशीने दगा दिलेला बाप असतो. ज्या घरातला कर्ता स्वतःहून निघून गेला, त्या घरची बाई मागच्या रांगेत पदर सावरून बसलेली असते. सुनेवर, काळ्या रंगावर, लग्न न जमलेल्या पोरावर, सावकाराच्या दारी उभ्या राहणाऱ्यावर एक वाक्य फेकले, की सारा मांडव हसतो. ती बाईही हसते, कारण चारचौघांत न हसून कसे चालेल? पण तिच्या हातातली चवरी तेव्हाच गळालेली असते. आणि पलंगावरून उतरून तिला उचलायला कोणी येत नाही.

तेव्हा सप्ताहात हसवणारे महाराज जरूर बोलवा. हसू हा परमार्थाचा शत्रू नाही, खुद्द भागवताने त्याला लाभ म्हटले आहे. फक्त धनंजयाचे ते दोन शब्द बरोबर ठेवा. ज्याच्यावर हसता तो तुम्हांला प्रिय आहे का? आणि हसून झाल्यावर तो प्रसन्न आहे का? दोन्हींचे उत्तर होय असेल तर ते नर्म. नाहीतर तो अवहास, आणि त्याची क्षमा अर्जुनानेही मागितली आहे.

आणि चुकून एखादे वाक्य लागलेच, तर देव काय करतात तेही आता आपल्याला ठाऊक आहे. आधी खाली उतरायचे, मग डोळे पुसायचे.

राम कृष्ण हरी.